भाकरी परत गेल्या तो हंगाम

कापूस फुटला की आमच्या गल्लीत कुठलीच गोष्ट स्वच्छ राहत नाही. माल भरलेले टेम्पो वडवणीच्या रस्त्यानं निघतात, वाकलेल्या बाभळींना घासत जातात, आणि मग त्या बाभळी महिना-दोन महिने पिकल्या केसांनी उभ्या असतात. उडणारे तंतू तारेवरच्या साडीला चिकटतात, दह्याच्या भांड्यात उतरतात, शाळेत पोरांच्या डोक्यांत सापडतात. मी दरवर्षी कुरकुर करते. लग्न होऊन या गावात आले, इथल्याच शाळेत मास्तरीण झाले, तेव्हापासून करते आहे. गावानं ती कधी मनावर घेतलेली नाही.

यंदाही परवा सकाळी ओट्यावर चहा घेऊन बसले, कपात एक तंतू पडला, मी बोट घालून तो काढला आणि नेहमीचं वाक्य ओठांवर आलं. तेवढ्यात समोरच्या घरात अश्विनी खोकली. साधा सर्दीचा खोकला. तरी समोरच्या दारात तिची आई सुमन हातातला झाडू धरून तशीच उभी राहिली, इकडे मी कप धरून उभी, आणि शेजारच्या कौसामावशी न्हाणीतून ओल्या हातांनी बाहेर आल्या. खोकला थांबला. आतून अश्विनी ओरडली, "सर्दी हाय! सर्दी! जा आपापल्या घरी!" आम्ही तिघी मुकाट्यानं कामाला लागलो.

वेचणीच्या दिवसांत आमचे कान असे तिच्या घराकडे लागलेले असतात. याला आता तीन वर्षं होतील.

तेव्हा ती बारावीला होती आणि तिच्या डोक्यात पोलीस भरतीशिवाय दुसरं काही नव्हतं. गावातल्या आणखी दोन-तीन पोरींना जमवून ती पहाटे रस्त्यावर धावायला जायची. आधी बुटांचा आवाज यायचा, मग हसण्याचा, आणि माझ्या खिडकीखाली आली की हमखास हाक, "काकू, उठा, ऊन डोक्यावर आलं!" ऊन कुठलं, समोरचं लिंबाचं झाड दिसायची मारामार. मी पांघरुणातूनच तिच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे. पहिलीला ही माझ्याच वर्गात होती. एका जागी बसायचं असतं हे मी तिला वर्षभर शिकवलं आणि वर्षाच्या शेवटी मीच हरले. जेवणाचंही तसंच. घरी तीन भाकरी मोडून यायची आणि माझ्या स्वयंपाकघरात डोकावून विचारायची, "काकू, तुमच्यात काय केलंय?"

खोकला पावसाळ्यातच लागला होता. आधी हवा बदलली म्हणून, मग धुळीचा म्हणून, मग टीबी असावा म्हणून औषधं बदलत गेली. इतक्या धडधाकट पोरीला याहून मोठं काही असेल असं कुणाच्या मनात यावं? मीही तिला आलं-गुळाचा काढा देऊन वर दोन शब्द सुनावले होते, की पहाटेच्या गारठ्यात उंडारल्यावर दुसरं काय होणार. मग धावताना ती पोरींच्या मागं पडायला लागली. एक दिवस थुंकीत रक्त दिसलं. बीडच्या डॉक्टरांनी संभाजीनगरला पाठवलं, तिथं सुई घालून फुप्फुसाचा तुकडा तपासायला घेतला, आणि ऐन वेचणीत त्या आजाराचं नाव आमच्या गल्लीत आलं. फुप्फुसाचा कॅन्सर.

पारावर लगेच चौकशी सुरू झाली. कोण बिडी ओढतं त्यांच्यात? पोरगी चोरून काही करत होती का? तिचे वडील भागवत तंबाखू खायचे, एवढा धागा लोकांना पुरला. पण लोकांच्या आधी तो माणूस स्वतःच तिथं पोचला होता. त्यानं डॉक्टरांपुढं हात जोडून विचारलं होतं, "साहेब, तंबाखू मी खातो. रोग हिला कावून झाला?" डॉक्टरांनी त्याला बसवून घेतलं आणि नीट सांगितलं, की इतक्या लहान वयात होणारा हा आजार कुणाच्या व्यसनानं झालेला नसतो, यात कुणाचीच चूक नाही. भागवतनं ऐकून घेतलं आणि गावात आल्यावर तंबाखूची चंची उकिरड्यात भिरकावली. मी म्हटलं, "भागवत, सोडलीत हे उत्तम. पण शिक्षा म्हणून नका सोडू." तो म्हणाला, "बाई, कायतरी सोडावं वाटतंय. दुसरं काय हाय माझ्या हातात?"

आमच्याकडे ज्या घरात माणूस जातं, त्या घरात चूल पेटत नाही. शेजारच्या बायका आपापल्या घरी पिठलं-भाकरी करतात, टोपल्यावर फडकं टाकून नेतात आणि त्या घरच्यांना बळजबरीनं दोन घास भरवतात. चांगली रीत आहे. माझे सासरे गेले तेव्हा याच भाकरींनी आम्हाला उभं केलं होतं. दुःखाच्या घरी काय करायचं असतं, याचं गल्लीला एवढंच एक उत्तर पाठ होतं.

अश्विनी, सुमन आणि भागवत रिपोर्ट घेऊन एसटीतून उतरले, त्याच्या आधीच फोनवरून बातमी गावात पोचली होती. मी शाळेतून येत होते. गल्लीच्या तोंडाशी मला पाठमोऱ्या कौसामावशी दिसल्या. डोक्यावरून पदर, कमरेवर टोपलं, टोपल्यावर पांढरं फडकं. मागं त्यांच्या दोन्ही सुना, एकीच्या हातात पिठल्याचं पातेलं. त्या चालण्यावरून मला कळलं काय होणार आहे. मी "मावशी, मावशी" म्हणत पाय उचलला, पण त्या सुमनच्या दारात पोचल्या होत्या.

सुमननं दार उघडलं. तिनं टोपल्याकडे पाहिलं, फडक्याकडे पाहिलं.

"मावशी, हे कुणाच्या नावाचं आणलंत?" तिचा आवाज अगदी हळू होता. "माझं लेकरू जित्तं हाय."

तेवढ्यात सुमनच्या खांद्यामागून अश्विनीनं मान बाहेर काढली. प्रवासानं केस विस्कटलेले, डोळे लाल. "काय झालं वो मावशी? कोण गेलं? मी न्हाई ना?" असं म्हणून ती हसली. हसता हसता तिला खोकला आला, आणि सुमननं दार लावून घेतलं.

कौसामावशींनी तोंडावर पदर धरला. "आगं बया बया, काय केलं मी हे," एवढंच त्या म्हणत राहिल्या. सत्तरी ओलांडलेली बाई. जन्मभर कुणाच्याही दुःखाला पहिलं टोपलं यांचंच. त्या तशाच मागं फिरल्या. परत नेलेल्या भाकरी त्यांनी घरात कुणाला खाऊ दिल्या नाहीत, सगळ्या गाईपुढं टाकल्या. मला वाटलं, झालं, आता ही दोन घरं वर्षभर एकमेकांचं तोंड बघणार नाहीत.

दिवे लागायच्या सुमाराला मावशी पुन्हा घराबाहेर पडल्या. या वेळी काखेत तुराट्यांची मोळी आणि हातात ज्वारीच्या पिठाचा डबा. त्यांनी सुमनच्या दाराची कडी वाजवली आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "सुमन, दार उघड. ऊठ, चुलीपुढं बस. पीठ माझं, सरपण माझं, पर भाकरी तू थापायची. तुझ्या घरातून धूर निघला पायजे आन् समद्या गावाला दिसला पायजे."

दार बराच वेळ उघडलं नाही. मग उघडलं. सुमननं काटवट घेतली. पहिली भाकरी तिच्या हातून फाटली, दुसरी जमली. मला लसूण सोलायला बसवलं, कारण एवढ्या वर्षांत माझी भाकरी कुणी भाकरी म्हणून मान्य केलेली नाही. चुलीत तुराट्या कडकड वाजत होत्या, पिठलं रटरटत होतं, आणि अश्विनी दाराबाहेर ओट्यावर बसून आतल्यांना विचारत होती की एवढ्या बाया मिळून तिखट कावून कमी टाकता. आम्ही सगळ्या तिथंच जेवलो. त्या दिवसापासून गल्लीचा नियम झाला, या उंबऱ्यात शिजवलेलं अन्न न्यायचं नाही. न्यायचं ते पीठ, डाळ, वांगी, सरपण. आणि बसायचं तिच्या चुलीपुढं.

पुढं ते तिघं संभाजीनगरला गेले. डाव्या फुप्फुसाचा खालचा भाग काढून टाकायचा आणि मग औषधांच्या फेऱ्या, असं ठरलं होतं. दवाखान्याजवळ एक खोली घेतली आणि घराची किल्ली मावशींकडे आली. मावशींनी पाळ्या लावल्या. रोज सांजेला कुणीतरी ते कुलूप काढायचं, सडा टाकायचा, चूल पेटवून चहापुरतं पाणी उकळायचं. मी शाळेत पाचवीच्या पोरांना चुलीच्या धुराचे तोटे शिकवते. हे असलं काही करण्यात अर्थ नाही, असं मी पहिल्या दिवशी मावशींना सांगून पाहिलं. त्या म्हणाल्या, "बाई, अर्थ तुमी शाळंत शिकवा. बुधवार तुमचा." बुधवारी मी फुंकणी घेऊन बसायचे. डोळ्यांतून धारा, नाकातून धारा, चूल थंड. कसाबसा जाळ झाला की फोन यायचाच. तिकडून भागवत. दवाखान्याच्या जिन्यात उभा राहून विचारायचा, "बाई, पेटली का?"

"पेटली," मी सांगायचे.

"बरं," म्हणायचा आणि फोन ठेवायचा. पोरीचं काय चाललंय हे तो कधी सांगायचा, कधी नाही. पण हे रोज विचारायचा. अर्थ कशाला म्हणतात ते मला त्या जिन्यातल्या माणसानं समजावलं असं म्हटलं तर शाळेतली पोरं हसतील, पण तसंच आहे.

त्यांचा कापूस रानात तसाच उभा होता. दसऱ्यानंतर ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांवर निघून गेलेल्या, निम्म्या घरांना कुलपं. उरलेल्या आम्ही बायकांनी सावड केली, म्हणजे आज सगळ्यांनी मिळून हिचं रान, उद्या तिचं. भागवतचं रान रविवारी धरलं, कारण मला सुटी. थंडीनं गारठलेली बोटं, बोंडांची टोकं नखांत घुसतात, कमरेला बांधलेली ओटी भरली की पुढं ओढल्यासारखं होतं. तुरीच्या ओळींवरून वारा यायचा, त्याला शेंगांचा हिरवा वास. मी दिवसभर वेचला तेवढा कापूस मावशींच्या धाकट्या सुनेनं न्याहारीच्या आधी वेचलेला असायचा. सांगलीकडच्या उसाच्या फडातून आमच्याच गल्लीतल्या बायका फोन करायच्या, कोयता बाजूला ठेवून विचारायच्या, "अशूचं कसं हाय?" आणि एकदा दुपारी व्हिडिओ कॉल आला. डोक्याला रुमाल बांधलेली, गाल बसलेली अश्विनी. आम्ही सगळ्या फोनभोवती गोळा. ती म्हणाली, "काकू, तुमच्या ओटीत कापसापरीस पाला जास्त दिसतोय. आमचा माल बाद करता का?" रान हसलं. मी फोन मावशींकडे देऊन तुरीच्या ओळीत गेले आणि पोटभर रडले.

ती घरी आली तेव्हा डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं, धूर आणि धूळ तिच्या आसपास नको. झालं. ज्या मावशींनी धूर निघालाच पाहिजे म्हणून हट्ट धरला, त्याच आता काठी टेकत घरोघर गेल्या. सुमनच्या घरात गॅस. गल्लीतल्या चुली परसात, तिच्या घराच्या उलट अंगाला. मावशींनी स्वतःचा पाण्याचा बंब पेटवणं बंद केलं आणि भर थंडीत गार पाण्यानं अंघोळ करून मोठ्यानं देवाचं नाव घेऊ लागल्या. आमच्या घरी या हो गरम पाण्याला, म्हटलं तर म्हणाल्या, "गार पाण्यानं मी काय मरत न्हाई."

मग माणसांची रीघ लागली. आजारी माणसाला भेटायला जाणं हे आमच्याकडे टाळता न येणारं काम. तलवाड्याचे मामा-मामी, आत्या, भावकी, केळी आणि बिस्किटांचे पुडे घेऊन यायचे आणि उंबऱ्यातच हंबरडा फोडायचे. "काय झालं गं माझ्या सोन्याला!" अश्विनी त्यांची समजूत घालायची, पाणी द्यायची, आणि ते गेले की भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. हे मी दोन दिवस पाहिलं. तिसऱ्या दिवशी ओट्यावर खुर्ची टाकून बसले. पाव्हणा गल्लीत शिरला की हाक मारायची, "आधी इकडे या." चहा द्यायचा आणि सांगायचं, "रडायचं ते इथं रडा. तोंड धुवा. मग तिकडं जा आणि तिच्याशी भांडा, गप्पा मारा, काहीही करा, रडू नका." पहिल्यांदा लोकांना राग आला. मास्तरीण आगाऊ आहे हे पंचक्रोशीत आधीच माहीत होतं, त्यात आणखी भर पडली. पण हळूहळू लोक आपणहून माझ्याकडे आधी येऊ लागले. मामी पदर सोडून रडायच्या, मग आरशात बघून कुंकू सारखं करायच्या आणि समोर जाऊन अश्विनीला विचारायच्या, "काय गं, अजून झोपलीच हाईस?"

सुमनही यायची. विरजण मागायला म्हणून यायची, वाटी माझ्या हातात द्यायची आणि माजघराच्या कोपऱ्यात भिंतीला टेकून बसायची. मी विरजण शोधण्यात हवा तेवढा वेळ घालवायचे. भागवत शाळेच्या पत्र्यांविषयी बोलायला यायचा. आमच्या शाळेला स्लॅब आहे. मी त्याच्याशी पत्र्यांविषयी बोलायचे. माझी त्या माणसांवर आधीही माया होती, पण ती शेजारधर्माची. त्या हंगामात ती इतकी वाढली की मला माझ्याच घरात कधी कधी पाहुण्यासारखं वाटायचं, जीव सगळा रस्त्यापलीकडे.

आता बरं चाललं आहे. डॉक्टर "बरी झाली" असं म्हणत नाहीत, "सध्या काही दिसत नाही" असं म्हणतात. त्या "सध्या"वर आम्ही दोन दिवाळ्या केल्या. अश्विनी वडवणीला कॉलेजात जाते, जिना चढताना मध्ये थांबते, थांबल्याचं कळू नये म्हणून मोबाईल बघते. केस पहिल्यापेक्षा दाट आले आहेत आणि त्याचा तिला गर्व आहे. एकच गोष्ट जागेवर आली नव्हती. सुमन तिला रागवत नव्हती. पूर्वी ही बाई अशी, की सकाळी पोरीवर तोंड सोडलं की गल्लीला घड्याळ लागायचं नाही. आजारपणापासून तिनं आवाज चढवला नव्हता. पोरगी उशिरा उठो, ताट न उचलो, उलट बोलो, सुमनचं आपलं "राहू दे बाळा, मी करते." तेही अगदी मऊ आवाजात. गेल्या महिन्यात अश्विनी माझ्या ओट्यावर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत म्हणाली, "काकू, आई मला पाव्हणीसारखं वागवती. पाव्हणे जाणार असतेत ना, म्हणून." मी शेंगा तिच्यापुढं सरकवल्या.

काल संकष्टी होती. अश्विनी कॉलेजला म्हणून सकाळी गेली. दुपारची तिची येण्याची वेळ टळली, फोन बंद. सुमन आधी दारात, मग रस्त्यावर, मग एसटी थांब्यावर. भागवत कॉलेजात जाऊन आला, ती तिथं पोचलीच नव्हती. सुमनचं तोंड बघवत नव्हतं. मी तिचा हात धरून थांब्यावर उभी होते. अशात समोरून एक स्कुटी आली. स्कुटीवर तीन पोरी. मधोमध अश्विनी, कपाळाला शेंदूर, केस वाऱ्यानं उभे, हातात प्रसादाची पिशवी.

"कुठं गेलतीस?" सुमननं विचारलं.

"लिंबागणेशला," अश्विनी म्हणाली. "दर्शनाला."

बीड ओलांडून, एका स्कुटीवर तिघी, भर वाहत्या रस्त्यानं. सुमन पुढं गेली. तिनं आधी पोरीच्या पाठीवर तळहात ठेवला आणि तसाच धरून ठेवला. श्वास वर-खाली होतो तो तिच्या हाताला लागत असावा. नीट चालला होता. मग सुमनचं तोंड सुटलं.

"भवाने! मुडदा बशिवला तुझ्या दर्शनाचा! सांगून जायला जीभ झडली व्हती? स्वेटर कुठंय? फोन कशाला घेऊन दिलाय, पुजायला? घरी चल, तंगड्या मोडून हातात देते! धुण्याचा ढीग पडलाय, त्यो कोण धुणार, तुझा बाप? उद्यापासून भाकरी तू थापायच्या, कॉलेजातून आली की हितं दिसली पायजे, माझ्या म्होरं!"

एसटी थांब्यावरची माणसं गोळा झाली. दोघी मैत्रिणी स्कुटी तिथंच टाकून पळाल्या. भागवत मधे पडायला पुढं झाला तर त्यालाही दोन बसल्या. कौसामावशी काठी टेकत आल्या आणि मला म्हणाल्या, "बाई, सोडवा की पोरीला. लई बोलायली ती."

"बोलू द्या," मी म्हटलं.

आवाज बसेपर्यंत सुमन बोलत होती. मग तिनं अश्विनीच्या हातातली पिशवी हिसकावून घेतली आणि तरातरा घराकडे निघाली. अश्विनी मान खाली घालून तिच्या मागं चालली. माझ्याजवळून जाताना तिनं क्षणभर वर पाहिलं. गालांवरून पाणी वाहत होतं आणि सगळं तोंड हसत होतं.

"काकू," ती हळूच म्हणाली, "आई लई बोलली मला."